कडी, घंटी आणि दिवा

माझ्या अब्बांच्या मुंबईतल्या घराच्या दाराशी २०१८ च्या डिसेंबरात एक म्हातारे गृहस्थ आले. हातात गुळाची ढेप आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. चौदाव्या मजल्यावरच्या दाराची घंटी त्यांनी वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली, मग तिसऱ्यांदा. आत अब्बा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. दार काही उघडलं नाही. पिशवी दाराच्या मुठीला अडकवून गृहस्थ लिफ्टने खाली उतरले आणि कोल्हापूरकडची गाडी पकडून गावी गेले.

संध्याकाळी कचरा ठेवायला अब्बांनी दार उघडलं तेव्हा पिशवी दिसली. आत चिठ्ठी होती. गिरणीतल्या साचेखात्यात ज्यांच्या शेजारच्या मागावर अब्बांनी तेवीस वर्षं काढली, ते काका येऊन गेले होते. फेब्रुवारीत त्यांच्या मुलाचा मला फोन आला. काका गेले होते. मुलगा सहज बोलून गेला, "शेवटी बाबा मुंबईला आले होते, पण तुमच्याकडे दार उघडलं नाही म्हणाले."

मी हे अब्बांना कागदावर लिहून सांगितलं. बराच वेळ ते कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दार मी बंद ठेवलं नव्हतं रे. मला कळलंच नाही."

आज मला बोलायचं आहे ते दाराबद्दल. माणसाने दुसऱ्याच्या दाराशी येऊन "मी आलोय" हे कसं सांगायचं, याचाही एक इतिहास आहे. तो बहुतेक ऐकू येणाऱ्यांनी ऐकू येणाऱ्यांसाठी घडवलेला आहे. ज्याला ऐकू येत नाही, त्याने आपला वेगळा इतिहास घडवला. पण तो आपल्या घरांपर्यंत फारसा पोचला नाही.

आम्हा मुसलमानांच्या घरात लहानपणीच एक अदब शिकवली जाते. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरायचं नाही. परवानगी तीनदा मागायची. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर राग न धरता परत फिरायचं. घरातल्या माणसाचा एकांत मोठा, येणाऱ्याचं काम लहान, अशी ही सुंदर शिकवण आहे. काका काही मुसलमान नव्हते, पण वागले नेमके तसेच. तीनदा विचारलं आणि मान राखून परत गेले. या साऱ्या अदबीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे आतल्याला ऐकू येतं. आतून उत्तर आलं नाही की आपण त्याचा अर्थ 'नको' असा घेतो. बहिऱ्या माणसाच्या दाराआडच्या शांततेचा अर्थ 'नको' असा नसतो. कुणी आलंय हेच त्याला ठाऊक नसतं.

अब्बा जन्मतः बहिरे नाहीत. १९५९ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्याला लागले. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणलं जातं ते खातं. एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागावर लाकडी धोटा मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटणार. अशा खात्यातला आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. पुढे आपल्याकडच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली, कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीत आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचाही समावेश झाला. पण तोवर एका पिढीचे कान गेले होते. डेसिबलचं गणितही फसवं असतं. १०० हा आकडा ९० पेक्षा थोडाच मोठा दिसतो, प्रत्यक्षात त्यात ध्वनीची ऊर्जा दहापट असते.

एवढ्या गोंगाटात बोलायचं कसं? अब्बा सांगतात, साचेखात्यात कुणी ओरडत नसे, कारण त्याचा उपयोगच नव्हता. ओठ मोठे हलवायचे, हाताने खूण करायची. तुटलेला धागा, संपलेली कांडी, येणारा जॉबर, चहाची सुट्टी, प्रत्येकाची खूण ठरलेली. पुढे मला वाचनात आढळलं की इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या कापड गिरण्यांतही विणकर असेच ओठांनी बोलत आणि त्या बोलण्याला त्यांनी 'मी-मॉइंग' असं नावही दिलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत कितीतरी यंत्रं लँकेशायरहून आली. यंत्रांबरोबर हे मुकं बोलणंही इथे आपोआप जन्माला आलं म्हणायचं. त्यामुळे अब्बांचे कान हळूहळू जात होते, तरी ते आम्हाला बरीच वर्षं कळलं नाही. ओठ वाचायची कला ते कामावरच शिकले होते.

आमची चाळ भायखळ्याला होती. एका मजल्यावर अठरा खोल्या, पुढे एक लांबलचक गॅलरी आणि टोकाला सामायिक नळ. सकाळी सहाला दार उघडलं की रात्री झोपतानाच लागायचं. मधे फार तर पडदा असायचा. कडी होती, पण वाजवायची वेळ क्वचित येई. पोस्टमन जिन्यातूनच नाव पुकारी आणि ते नाव अठरा खोल्यांतून घरंगळत ज्याचं त्याच्यापर्यंत जाई. पाहुणा आला की आधी गॅलरीतली पोरं धावत येत. पोरं नसली तर शेजारच्या मावशी आत डोकावून अब्बांच्या खांद्याला हात लावत.

पहिल्या पाळीचा प्रश्न तेवढा होता. सात वाजता खात्यात हजर व्हायचं म्हणजे साडेपाचला उठायला हवं. अम्मी माहेरी गेली की अब्बांना उठवणार कोण? अब्बा आतून कडी लावून झोपत, आणि बाहेरून काकांनी कितीही दार ठोठावलं तरी त्यांना जाग येत नसे. काका दोनच खोल्या पलीकडे राहत. त्यांनी गिरणीतून चांगली पिळाची सुती दोरी आणली. तिचं एक टोक अब्बांच्या खाटेवर, पायाच्या अंगठ्याला. दुसरं टोक दारावरच्या झडपेतून बाहेर गॅलरीत. पहाटे काका येऊन दोरीला दोन हिसके देत. अब्बा आतून एक हिसका देत, म्हणजे 'उठलो'. रमजानमध्ये सहरीलाही तीच दोरी कामाला येई. मोहल्ल्यात डफ वाजवत फिरणाऱ्या फकिराची हाक अब्बांपर्यंत पोचत नसे, पण काकांची दोरी पोचत असे. एका हिंदू शेजाऱ्याने महिनाभर पहाटे चारला उठून मुसलमान शेजाऱ्याला सहरीसाठी उठवावं, याचं तेव्हा कुणाला कौतुकही वाटलं नाही. चाळीत असं चालायचंच.

माझ्या मते दार आणि बहिरा माणूस यांच्यामधला तो सर्वांत चांगला तोडगा होता. त्यात दोन गोष्टी होत्या. कानाऐवजी स्पर्शाचा वापर होता, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला उत्तर मिळत होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अब्बांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. काका गावी परतले. अब्बा एका कापडाच्या पेढीवर गाठी मोजायच्या कामाला लागले. साचेखात्याचा गोंगाट संपला, पण गेलेले कान काही परत आले नाहीत.

आता जरा घंटीकडे वळू. जुन्या वाड्यांना देवडी असे आणि देवडीवर माणूस असे. म्हणजे निरोप आत नेण्याचं काम माणसाचंच. गावातल्या घरांना कडी-कोयंडा. कडी आपटली की नुसता आवाजच होत नाही, सागवानी दार आणि चौकटही हादरते. युरोपातल्या श्रीमंतांच्या हवेल्यांत दोरी आणि तारेने ओढायच्या घंट्या आल्या. वाफेच्या यंत्रांवर काम करणारा विल्यम मर्डॉक याने १८१७ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळ बांधलेल्या आपल्या घरात दाबलेल्या हवेवर चालणारी घंटी बसवली होती. १८३१ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी गावी जोसेफ हेन्री या शिक्षकाने मैलभराहून लांब तारेतून वीज सोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. बटण एकीकडे आणि घंटी दुसरीकडे, ही आजची कल्पना तिथून पुढे आली. दाराशी येणारा आणि दार उघडणारा यांच्यामधला माणूस हळूहळू निघून गेला आणि त्याच्या जागी तार आली.

या गोष्टीतला पुढचा माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. आडनावाचाच अर्थ घंटा! त्याची आई बहिरी होती. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोले, म्हणजे कंपनं तिच्यापर्यंत पोचत. त्याची पत्नी मेबल पाच वर्षांची असताना तापात बहिरी झाली होती. बेल स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक. अशा माणसाला १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, आणि सगळं जग अशा एका यंत्राभोवती फिरू लागलं की जे त्याच्या आईच्या आणि बायकोच्या काहीच उपयोगाचं नव्हतं.

ही कोंडी फोडली ती बहिऱ्यांनीच. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने जुन्या टेलिप्रिंटरला टेलिफोनच्या तारेवर बोलतं केलं. जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे त्यांचे साथीदार, तेही बहिरेच. इकडे टंकलिखित केलेलं तिकडे कागदावर उमटू लागलं. पण फोन आलाय हे कळायचं कसं? त्यासाठी दिवा. बहिऱ्यांच्या घरांत दिवा हीच घंटी होती. वीज घरोघर आली तशी त्यांनी दाराच्या बटणाची तार दिव्याला जोडली. बटण दाबलं की खोलीतला दिवा लुकलुकतो, इतकं ते सोपं. पुढे उशीखाली ठेवायच्या थरथरणाऱ्या चकत्या आल्या. घंटी वाजली की मालकाला पंजाने स्पर्श करून दाराकडे नेणारी कुत्री तयार केली गेली. ब्रिटनमध्ये तर अशी कुत्री शिकवून देणारी संस्था १९८२ पासून काम करते आहे. काकांची दोरी आणि ही सगळी साधनं एकाच जातीची आहेत.

मग हे सगळं अब्बांपर्यंत का पोचलं नाही? आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझगावला, १८८० च्या दशकात सुरू झालेली मूकबधिर मुलांची शाळा आहे. देशातली ती पहिली. बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. ज्ञान शेजारीच होतं. पण अब्बा स्वतःला कधी बहिरे म्हणाले नाहीत, आम्हीही म्हटलं नाही. 'वयोमानाने जरा कमी ऐकू येतं' असं म्हणायचो. जन्मतः बहिरी माणसं एकमेकांना शोधतात, एकमेकांकडून शिकतात. म्हातारपणी बहिरा झालेला माणूस एकटाच बहिरा होतो. त्याची जमात नसते.

चाळ पाडली गेली आणि २०१४ साली तिथे उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. स्वतंत्र संडास, चोवीस तास पाणी, लिफ्ट. अम्मी फार खूश होती. दार मात्र आता आपोआप बंद होणारं आणि कायम बंद असणारं. शिवाय एका दाराची दोन दारं झाली. खाली वॉचमन इंटरकॉमवरून विचारणार, वरून 'सोडा' म्हटलं तर पाहुणा लिफ्टपर्यंत येणार, मग वर येऊन घंटी वाजवणार. अम्मी होती तोवर दोन्ही दारं तिच्या कानांवर चालली. २०१७ मध्ये ती गेली. मी नोकरीमुळे पनवेलला. अब्बांना आपलं भायखळं सोडायचं नव्हतं. घरात अब्बा, आणि बाहेर मजल्यावर सहा बंद दारं.

त्यात घंटी होती पाखरासारखी चिवचिवणारी. गोंगाटाने आणि वयाने जे कान जातात, त्यांतले उंच पट्टीचे सूर आधी जातात. डॉक्टरांच्या तक्त्यावर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डाच दिसतो. इलेक्ट्रॉनिक चिवचिवाट बहुधा त्याच उंच पट्टीत असतो. दारावरची दणदणीत थाप अब्बांना त्याआधीची काही वर्षं तरी जाणवायची. नवी घंटी मात्र त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून मुकीच होती. गॅसवाला परत जायचा, कुरियर परत जायचं. एकदा मी स्वतः दोन तास दाराबाहेर बसून होतो. अब्बा आत शांतपणे जोहरची नमाज पढून झोपले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर नको नको ती चित्रं येत होती. पण हे सगळं आम्ही चालवून घेतलं. काकांचं परत जाणं मात्र चालवून घेता येईना.

वाट दाखवली ती एका तरुणाने. माझा कवितासंग्रह ज्या छापखान्यात छापला जात होता, तिथे काम करणारा हा मुलगा जन्मतः बहिरा. प्रुफाच्या कागदावर लिहून आमचं बोलणं चाले. अब्बांचं सांगितलं तर तो हसला आणि रविवारी मला त्याच्या घरी घेऊन गेला. बाहेरचं बटण दाबायला लावलं. आत खोलीतला आणि स्वयंपाकघरातला, असे दोन दिवे एकदम लागले. त्याने लिहिलं, 'आमच्याकडे सगळ्यांकडे आहे. तुम्हाला माहीत नाही?' मला खरोखरच लाज वाटली.

आमच्या वायरमनला तासभराचंही काम नव्हतं. आपल्याकडच्या साध्या घंटीला बटणातून घरचीच वीज जाते. त्याच जोडणीवर एक होल्डर समांतर जोडला की घंटीबरोबर दिवा लागतो. बाहेरचा जितका वेळ बटण दाबेल तितका वेळ दिवा. खर्च म्हणाल तर होल्डर, बल्ब, थोडी वायर आणि त्याची मजुरी. मात्र हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. अब्बांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक पिवळा दिवा आणि स्वयंपाकघरात एक. झोपेत दिवा दिसत नाही, म्हणून नंतर बिनतारी घंटीची थरथरणारी चकती आणून उशीखाली ठेवली. ती पहिल्यांदा थरथरली तेव्हा अब्बा दचकून उठले आणि म्हणाले, "हा तर तुझ्या काकांचा हिसका!"

वरचं दार सुटलं, खालचं राहिलं. इंटरकॉम सोसायटीचा. त्याच्या रिंगवर लागणारा दिवा जोडायचा तर परवानगी हवी. मी अर्ज केला, तो सभेत आला. एक सभासद म्हणाले, "एका माणसासाठी केलं तर उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल." दुसऱ्यांनी सुचवलं, "त्यांना एकटं ठेवूच नका ना." चिडण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, आग लागली तर आपला भोंगा त्यांना ऐकू येणार आहे का? सभा थोडी शांत झाली. मग मागच्या खुर्चीवरून एक बाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनाही ऐकू येत नाही. आम्ही कुणाला सांगितलं नाही." त्यांच्यानंतर आणखी एक जण बोलले, मग आणखी एक. सभा संपेस्तोवर एकाच इमारतीत पाच घरं निघाली.

पाच ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. तसं वाटायला नको होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीच्या पुढच्या चारांतल्या एकाहून अधिक माणसांना अडचण व्हावी इतपत कमी ऐकू येतं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत श्रवणदोषाची नोंद झालेली माणसं सुमारे ५० लाख होती. त्यांत 'वयोमानाने जरा कमी ऐकू येतं' म्हणणारे किती आले असतील, ते ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिऱ्यांबरोबर कमी ऐकू येणाऱ्यांचाही समावेश आहे. पण कायदा दाराबाहेर येऊन उभा राहिला, तरी आत कुणाला तरी दिवा दिसायला हवा.

सोसायटीने पाचही घरांच्या इंटरकॉमला हिरवा दिवा जोडून दिला. पिवळा म्हणजे दाराशी, हिरवा म्हणजे खाली. अब्बांनी बोलायचं आणि वॉचमनचं ऐकायचं, हे जमणारं नव्हतं. म्हणून ठरलं की हिरवा दिवा लागला की अब्बांनी इंटरकॉम उचलून "पाठवा" म्हणायचं, आणि अनोळखी माणूस असेल तर वॉचमनने सोबत वर यायचं. दाराला भिंग होतंच. एक किल्ली समोरच्या घरी ठेवली. जिन्यातल्या आगीच्या भोंग्याला लखलखणारा दिवा लागला, तो मात्र सगळ्यांच्याच उपयोगाचा. दारावर मी एक पाटी लावली: 'बटण दाबल्यावर थोडं थांबा. आत माणूस आहे.' २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि ओठ दिसेनासे झाले, तेव्हा या दिव्यांनी आणि खिशातल्या वहीने अब्बांना सांभाळलं.

मला चाळीचं कौतुक गायचं नाही. नळावरची भांडणं आणि संडासाच्या रांगा मी विसरलेलो नाही. चाळ गेली याचं दुःख फारसं नाही. पण चाळीत जे काम माणसं न सांगता करत होती, ते काम नव्या घरात कोण करणार, हे घर बांधताना कुणी विचारलं नाही. पाडलेल्या चाळीच्या नकाशात दोरीची नोंद नव्हती, म्हणून टॉवरच्या नकाशात दिवा आला नाही.

गेल्या वर्षी काकांचा मुलगा मुंबईला आला होता. मी तेव्हा अब्बांकडेच होतो. भिंतीवरचा पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मी उठणार तोच पंच्याऐंशी वर्षांच्या अब्बांनी हाताने मला थांबवलं. भिंतीला धरत ते स्वतः दारापर्यंत गेले. दारात तो उभा होता, बापाच्याच चेहऱ्याचा, हातात गुळाची ढेप. अब्बांनी त्याला मिठी मारली नाही की ते काही बोलले नाहीत. फक्त त्याचं मनगट धरलं आणि हलकेच दोन हिसके दिले. त्या मुलाला त्याचा अर्थ कळला नसेल.

हे भाषण अब्बा ऐकू शकणार नाहीत. पण छापून आलं की खुर्चीत बसून, पिवळ्या दिव्यासमोर, ते नक्की वाचतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)